बांगलादेशला निघालेला कांदा

तीर्थस्वरूप दाजींस,

सानपाड्याहून नंदकिशोरचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात). ताईचा गुडघा कसा आहे? साताऱ्यात थंडी पडली असेल. इकडे सगळे खुशाल, म्हणजे सौ. वैजयंती माझ्याशी बोलत नाही, एवढेच.

झाले असे, की निवृत्तीनंतर मी आणि शेजारचे हिरामण पाटील, आम्ही एपीएमसीतून कांदा घेऊन बांगलादेशला पाठवायचे ठरवले. दोन्ही देशांत तणाव होता, पण टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले, तणाव असला तरी व्यापाराचे भवितव्य उज्ज्वल आहे. मी निर्धास्त झालो. (दुसऱ्या चॅनेलवरचे तज्ज्ञ नेमके उलटे सांगत होते, पण तेवढ्यात लाईट गेली.)

दत्तू ड्रायव्हर ट्रक घेऊन सीमेवर पोचला आणि त्याच दिवशी तिकडे आयात बंद झाली. हिरामण म्हणाले, "नंदूशेठ, परत बोलवा. कांद्याला राजकारन समजत नाय, तो सडत हाय." बोलावला. ट्रक नागपूरला येतो तो बातमी, की चर्चा सकारात्मक झाली. सकारात्मक म्हणजे गेट उघडले की नुसता चहा झाला, ते मला कळेना, हिरामणना तर मुळीच कळेना. तरी आम्ही दत्तूला वळवले. तो पोचला तेव्हा गेट उघडे होते, पण दुपारी नवे धोरण आले आणि आमचा कांदा जुन्या धोरणातला निघाला! पुन्हा माघारी. वाटेत असतानाच संबंध सुधारत असल्याचे कळले, म्हणून मी फोन लावला. दत्तू शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी दोन्ही देशांचं ठरू द्या, मग तुमचं दोघांचं ठरवा, मग मला फोन करा. कांद्याला कोंब आलेत. आता मला येतील."

हे सगळे वैजयंतीला समजावत होतो, तर तिने एवढेच विचारले, "संबंध नक्की कुणाचे बिघडलेत?" तेव्हापासून घरात शांतता आहे. मला झोप नाही, हिरामणना जेवण जात नाही, आणि नेमके चुकले कुणाचे हे दोघांनाही सांगता येत नाही.

आपला,
नंदकिशोर

ता. क. : चि. ईश्वरीच्या लग्नाला मामाचा आहेर म्हणून थोडा कांदा पाठवत आहे. हे पत्र देणारा माणूस तोच दत्तू. त्याच्या मागे उभा आहे तो ट्रक.

आणखी ता. क. : आत्ताच बातमी आली, आयात पुन्हा सुरू होणार म्हणे. दत्तूला यातले काही सांगू नका. त्याला पोटभर जेवू घाला, आणि कांदा जरा सावकाश उतरवा. संध्याकाळच्या बातम्या बघून फोन करतो.