शरदाच्या पत्रकातलं जनावर

अण्णा, गुलाबाची छाटणी दसरा झाल्यावर करायची की कोजागिरी उलटू द्यायची, एवढंच आधी तुम्हाला विचारायचं होतं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी बागेतलं काही अडलं की तुमची ही लेक मनातल्या मनात तुम्हालाच विचारते. आमच्या सोसायटीचं पत्रक मी काढते. शाळेत मराठी शिकवते ना, मग बाईंना शुद्धलेखन येतं, बाईंनीच काढायचं, असं एका मीटिंगमध्ये ठरलं आणि ते जोखड माझ्या मानेवर आलं ते आलंच. पुढच्या पानावर सोसायटीच्या बातम्या आणि पाठीमागं बागकामाच्या सूचना. सूचना सगळ्या तुमच्या असतात, खाली नाव कुणाचंच नसतं. कुंड्यांतली माती उकरा, दोन दिवस ऊन खाऊ द्या. तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. पालापाचोळा पेटवू नका, कोपऱ्यात कुजू द्या. गुलाबाची काडी डोळ्याच्या जरा वर तिरकी कापा. साखर कारखान्याच्या बंगल्याची बाग तुम्ही उभा जन्म राखली, आणि तुमची विद्या आता साठ फ्लॅटांत झेरॉक्स होऊन दाराखालून सरकवली जाते. तुम्हाला हसू आलं असतं.

ही सोसायटी तुम्ही पाहिली नाही. कोपरगावच्या बाहेर, जिथं तुमच्या वेळी नुसता मळा होता तिथं तीन इमारती उभ्या राहिल्या. मागं छातीएवढी भिंत, भिंतीच्या आतल्या अंगाला कोयनेलचं कुंपण, त्याला लागून गुलाबाचा वाफा, आणि भिंतीपलीकडं ऊस. नुसता ऊस. लोकांना दुसऱ्या मजल्यावरून ती हिरवळ बघायला फार आवडतं. मला नाही आवडत. मी पडदा ओढून घेते, आणि कुणी विचारलं तर ऊन येतं म्हणून सांगते.

या शरदाच्या अंकात पहिली बातमी आनंदाची होती. भटक्या कुत्र्यांचा त्रास कमी झाला. सगळ्यांना वाटलं, आपण दिलेल्या तक्रारअर्जाचा गुण आला. गेटजवळची ती पिवळी कुत्री, तिची दोन मोठी झालेली पिल्लं, कचऱ्याच्या डब्यापाशी लोळणारा लंगडा, एकेक करून दिसेनासे झाले आणि कुणाला काही वाटलं नाही. उलट बरं झालं म्हणाले. मी तेच टाइप करत होते, आणि अर्ध्या वाक्यात हात थांबला. तुम्ही म्हणायचा, "कुत्री गप झाली का मानसानं वरडाया लागावं." दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी मागच्या वाफ्यापाशी गेले. आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं होतं, चिखल अजून ओला होता. त्यात एक ठसा. मी शेजारी माझा तळहात ठेवून बघितला, जवळजवळ तेवढाच. चार बोटं, मागं गादी, आणि पुढं नखं नाहीत. नखं उमटली तर कुत्रं, न्हाई उमटली तर बघायचं कामच न्हाई, घर गाठायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. मी घर गाठलं. हात धुतला तरी दिवसभर तळव्याला गार लागत होतं.

मी सातवीत होते तेव्हाचा दिवस मला लख्ख आठवतो. तुमचा डबा घेऊन मी बंगल्यावर येते. तुम्ही पाइप सरकवताय. मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून गळालेल्या पाकळ्या ओच्यात गोळा करतेय, दिवस कलायला आलाय, आणि एकदम माझी वेणी कुणीतरी वर ओढतं. तुम्ही. मला सरळ उभी केली आणि वर पाठीत एक धपाटा. "सांच्याला उसाकडं पाठ करून बसायचं न्हाई. बसलेलं मानूस त्याला शेळीवानी दिसतं. उभ्या मानसाला ते बिचकतं." मी रडत विचारलं, कोण, बिबट्या? तर तुम्ही तोंडावर हातच ठेवला. नाव घ्यायचं नाही, जनावर म्हण. आपल्या घरात ते जनावरच राहिलं. सापाला आपण लांबडं म्हणायचो. दोन्ही शब्दांची कधी गल्लत झाली नाही, कारण आपल्याकडं दोन्हींशी रोजची गाठ होती.

मी अंकात स्पष्ट लिहिलं होतं, अण्णा. मागच्या भिंतीजवळ बिबट्याचा ठसा दिसला आहे, असं. छापण्याआधी सोसायटीचे अध्यक्ष कच्चा मसुदा वाचतात. निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी त्या ओळीवर पेनानं आडवी रेघ मारली. "अहो बाई, मोठं कुत्रं असेल ते." मी म्हटलं, मग आपली कुत्री गेली कुठं? ते हसले. "दिवाळी तोंडावर आलीय. लेकीबाळी येणार, नातवंडं येणार. हे छापलं तर एक पोरगं खाली उतरायचं नाही. वनखात्याला मी फोन करतो, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही आपलं काहीतरी सौम्य लिहा. मराठीच्या बाई तुम्ही, तुम्हाला काय शब्दांचा तोटा." खोटं कशाला बोलू, मला ती स्तुती गोड लागली. आणि भांडण नकोही होतं. रोज एकाच लिफ्टमध्ये चढायचं-उतरायचं. मी तिथंच बसून लिहिलं: 'मागच्या कुंपणाजवळ जनावराचा वावर आढळला आहे. तिन्हीसांजेला तिकडे जाणे टाळावे.' वाचून ते म्हणाले, "वा." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण मी मनाशी म्हटलं, मी खोटं कुठं लिहिलंय, अण्णांचाच शब्द आहे.

पत्रक वाटलं त्या दिवसापासून सगळी सोसायटी खाली बघून चालायला लागली. ग्रुपवर नागाचे, घोणसाचे फोटो फिरले. साप धरणाऱ्याचा नंबर नोटीस बोर्डावर लागला. कुणी भिंतीच्या कडेनं फिनेल ओतलं, कुणी नातवाला गुडघ्यापर्यंतचे बूट आणले. मुलं तिन्हीसांजेला मोबाईलचा उजेड पायापाशी धरून, माना वाकवून, त्या कुंपणाशीच घुटमळायची, कारण जनावर बघायचं होतं ना त्यांना. मी वरून बघायची. एकदा खाली जाऊन त्यांना दटावलं तर एकीची आई म्हणाली, "बाई, बूट आहेत हो त्यांच्या पायात."

बागेचं काम करायला एक मावशी येते. साठीची असेल, बारीक, काटक, उसापलीकडच्या वस्तीवर राहते. दिवसभर खुरपं घेऊन उकिडवी बसलेली असते. तिला वाचता येत नाही. ती लिफ्टपाशी मला गाठून म्हणाली, "बाई, कागदात तुमी काय लिव्हलंय वो? सम्दी म्हंत्यात जनावर निगालंय." मी म्हटलं, हो मावशी, संध्याकाळी तिकडं बसू नका. तर म्हणाली, "आता दिस ल्हान झाला. उन्हात पानी घालून झाडं उकडू का? सांच्यालाच घालाया लागतं. काठी घेती संगं. लांबड्याला काय भ्यायचं, आधी काठी आपटायची." लांबडं, ती म्हणाली. तुमचा शब्द, अण्णा, स्वच्छ, तिच्या तोंडून. लिफ्ट उघडी होती, आत अध्यक्ष उभे होते, बटण दाबून धरून माझी वाट बघत. मी म्हटलं, "जपून करा, मावशी." आणि आत शिरले. तिसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही दोघं फराळाच्या ऑर्डरीविषयी बोलत होतो.

त्या गुरुवारी मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. दिवस नुकता बुडाला होता, उसाचा हिरवा रंग जाऊन काळा व्हायला लागला होता. मावशी कुंपणाशी, भिंतीकडं पाठ करून बसलेली. काठी शेजारी. कोयनेलच्या वर, भिंतीवर, कुणीतरी पोतं टाकलंय असं मला वाटलं. मातकट, मधे जरा दबलेलं. मग त्या पोत्याचा कान हलला. वारा नव्हता, चिमण्यासुद्धा गप होत्या. मी ओरडले. जोरात ओरडले, तीन इमारतींना ऐकू गेलं. पण तोंडून काय निघावं? सातवीत तुम्ही तोंडावर हात ठेवलात तो अजून निघाला नव्हता. "मावशी, जनावर. मावशी, जनावर, जनावर." आणि मावशीनं ऐकलं. लगेच ऐकलं. ती उठली नाही. काठी उचलली, दोन्ही पाय जवळ घेतले आणि गवतात बघायला खाली वाकली. मान पुढं, डोक्यावरचा पदर सरकलेला. मी तिला वाकायला सांगितलं, अण्णा. मी सांगितलं म्हणून ती वाकली.

वॉचमननं गेटचा पत्रा बडवला म्हणून ते तिला सोडून भिंतीपलीकडं गेलं. मानेला आणि खांद्याला टाके पडलेत, किती ते मी विचारलं नाही. आधी कोपरगावातच नेलं, मग नगरला हलवलं. जीव वाचला. दुसऱ्या दिवशी उसाच्या कडेला पिंजरा आला, आत बांधलेली शेळी ओरडत राहिली. आता सगळे खुशाल नाव घेतात. अध्यक्षांनी स्वतः ग्रुपवर मोठ्या अक्षरांत टाकलं, बिबट्यापासून सावधान. मला म्हणाले, "बाई, तुम्ही आधीच सूचना छापली होती, सोसायटीवर ठपका येत नाही." पिंजरा अजून रिकामाच आहे. ऊसतोड यायला महिना आहे, आणि मुलं वरून खाली बघत जिन्यात बसलेली असतात.

रविवारी मी एसटीनं नगरला गेले. वाटेत सांगायचं काय ते पाठ करत होते, परीक्षेला बसल्यासारखी. मी अमुक लिहायला हवं होतं, मी तमुक शब्द मुद्दाम टाकला. मुद्दाम, हो. तुमचाच शब्द आहे ही सबब माझी मलाच पटत नाही. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, लोक त्याला जनावर म्हणतात, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिते. आमच्या गेटच्या आत त्या शब्दाचा अर्थ काय होणार, हे मला लिहितानाच माहीत होतं. अध्यक्षांनाही बरं, मलाही बरं, म्हणून लिहिला.

मावशीला मान वळवता येत नव्हती. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिला दिसले. तिची सून स्टुलावरून उठली, मला बसायला दिलं आणि माझ्या पाया पडली. मी मागं सरले तरी पडली. मावशी थांबत थांबत बोलत होती. "तुमी वरडला म्हनून वाचले, बाई. तुमी तर कागदातबी लिव्हलं हुतं. मीच येडी. जनावर म्हनलं का लांबडंच आलं माज्या डोस्क्यात. खाली वाकले. माजीच चूक झाली."

पाठ केलेलं सगळं ओठांवर होतं. सून बघत होती, बाजूच्या खाटेवरची बाई बघत होती. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून इथं सांगते. मी मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "असू द्या मावशी, चुकतं माणसाचं."