धबधबा अभ्यास दौरा

९ जून, रविवार
आदिनाथचा फोटो आला. हिरवा कडा आणि कड्यावरून धबधबा थेट समुद्रात. खाली लिहिलंय, "नाना, तुम्ही इथं पाहिजे होतात." बाकी काही नाही.
त्या बेटावर जाऊन पोराला तीन वर्षं झाली. मासे पॅक करायच्या कंपनीत मशिनरी बघतो. बेटाचं नाव मला अजून नीट लिहिता येत नाही. पण त्यानं पहिल्यांदाच बोलावलं. अर्थ स्पष्ट आहे. जायचं.
पासपोर्ट आहेच. तो गेला तेव्हा मीही काढून ठेवला होता. कपाटात बायकोच्या, म्हणजे सत्यशीलाच्या, साड्यांखाली असेल. ती गेल्यापासून ते कपाट उघडलेलं नाही. उद्या उघडीन.

१० जून, सकाळ
संकल्प. रोज गार पाण्यानं आंघोळ, कारण तिकडे थंडी. रोज घाट चढणे. रोज इंग्रजीचे पाच शब्द. चहा बंद.

दुपार
चहाचा प्रवासाशी काही संबंध नाही. तो मुद्दा काढून टाकला.

१४ जून
हनुमान मंदिरापर्यंत गेलो. मंदिर घाटाच्या अलीकडे आहे, पण चढ तिथूनच सुरू होतो. घाट चढला असं धरायला हरकत नाही.
इंग्रजी : वॉटरफॉल. बाकीचे चार उद्या.

१६ जून, रविवार
आदिनाथचा रविवारचा फोन. पाऊस आहे का, गोळ्या घेता का, ठेवतो. धबधब्याचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. बोलावणाऱ्यानं एकदा बोलावलंय, आपण होऊन मागं लागणं बरं दिसत नाही. मी काही कुणी ऐरागैरा नाही, माजी उपसरपंच आहे.
नंतर भाकरी खाताना लक्षात आलं. सरप्राइज आहे. तिकीट काढतोय.

३० जून, रविवार
फोन. आज पावसाचंही विचारलं नाही. घाईत होता. तिकिटाचीच घाई असणार.

८ जुलै
नाथाला फोटो दाखवला. नाथा शेजारीच राहतो, शेळ्यामेंढ्या राखतो, रोज मला दूध आणून देतो. त्यानं धबधबा बघितलाच नाही. कड्यावरचे पांढरे ठिपके बोटानं मोठे करून बघत बसला. म्हणाला, "नाना, इतक्या कड्याला मेंढरं कावून चारत्यात? पडली म्हंजी?" मी म्हणालो, त्यांची पडत नसतील, फॉरेनची आहेत. तर म्हणाला, "मेंढरू मेंढरूच ऱ्हातंय की."
जाताना विचारलं, आदिनाथनं खरंच बोलावलंय का. मी फोटोखालची ओळ वाचून दाखवली. संध्याकाळी त्यानं घोंगडी आणून दिली. "तिकडं लागंल."

२ ऑगस्ट
नांदूरघाटला हॉटेलात चहा घेताना विदेश दौऱ्याचा विषय निघाला. मीच काढला हे खरं, पण निघालाच असता.

५ ऑगस्ट
सुग्रीव घरी आला. पंचायत समितीला उभा राहायचं त्याचं चाललंय. म्हणाला, "नाना, आपल्या गणातला पयला विदेश दौरा हाय. तुमाला आसंच सोडायचं व्हय?" फ्लेक्स लावतोय. तारीखही त्यानंच ठरवली, सहा सप्टेंबर. त्याआधी पोळा आणि नंतर गणपती, त्याला मधली तेवढीच सवड आहे.
तारीख आदिनाथला कळवायला हवी. पण कळवलं तर सरप्राइजची मजा जाईल.

२४ ऑगस्ट
फ्लेक्स लागला. मागे धबधबा. पुढे मी हात जोडून. माझ्याहून मोठा सुग्रीव. वर अक्षरं, "मा. उपसरपंच गहिनीनाथनाना यांच्या धबधबा अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!" अभ्यास हा शब्द मला नवा होता, पण वाचल्यावर पटला.

१ सप्टेंबर, रविवार
फोन आला नाही. ते ठीक आहे. आता प्रत्यक्षच बोलू.

५ सप्टेंबर
कपाट उघडलं. पासपोर्ट मिळाला. साड्यांना अजून डांबरगोळीचा वास आहे. लवकर बंद केलं.
वत्सलाबाई कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली घेऊन आल्या. गावातलं कुणीही यात्रेला निघालं की तीर्थाचं भांडं त्यांच्याकडूनच जातं. मी सांगितलं, वहिनी, हे क्षेत्र नाही, नुसता धबधबा आहे. त्या म्हणाल्या, "इतक्या लांबचं पानी हाय, तीर्थच म्हनायचं. फक्त समिंदराला लागायच्या आदी भरा. खारट झालं की झालं, मग त्याचा उपेग न्हाई."

६ सप्टेंबर, सकाळ
सत्कार. टोप्या, टॉवेल, नारळ. सुग्रीवचं भाषण. मी दोन शब्द बोललो, त्यातला एक वॉटरफॉल. सगळे एसटीपर्यंत आले. बॅग ठेवायला नाथा गाडीत चढला आणि हळूच म्हणाला, "नाना, तिकीट आलं का?" मी म्हणालो, येतंय. विमानाचं रस्त्यातही मिळतं.
खाली सगळे हात हलवत होते. उतरायचं म्हटलं असतं तरी उतरता आलं नसतं.

दुपार, मांजरसुंबा
इथं उतरलो. बीडला ओळखीचे फार भेटतात. जवळच दरीत कपिलधारला, देवस्थानाची एक खोली मिळाली. तात्पुरता मुक्काम. तिकीट आलं की इथून हायवे जवळच.

७ सप्टेंबर
आज गणपती बसले. गावात असतो तर पहिली आरती माझ्या हातून झाली असती.
दरीत रेंज नाही. तिकीट आलं नाही ते त्याचमुळे.

८ सप्टेंबर, रविवार
कपिलधारचा धबधबा बघितला. हाही चांगला आहे. समुद्र नाही, एवढंच. चौसाळ्याचं एक कुटुंब आलं होतं, त्यांचे फोटो काढून दिले. त्यांची मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचा काढू का?" उभा राहिलो. तिनं काढला, छान आला. मग कळेना, पाठवायचा कुणाला. गावाच्या दृष्टीनं मी परदेशात आणि आदिनाथच्या दृष्टीनं घरी.

९ सप्टेंबर
नारळ खाल्ला. दुसरा फोडला.

१० सप्टेंबर
रेंजसाठी वर रस्त्यापर्यंत चढलो. हा खरा घाट होता. वर पोचतो तोच फोन वाजला. आदिनाथ.
फ्लेक्सचा फोटो त्याच्या मित्रानं फेसबुकवर टाकला होता. माझा फोन लागेना म्हणून त्यानं दोन दिवसांत नाथाला कितीदा फोन केले कोण जाणे. म्हणाला, "नाना, कुठं हाव तुमी?" मी म्हणालो, निघालोय. "कुठं निघालाव?" मी म्हणालो, तूच बोलावलंस की, फोटो पाठवून.
मला वाटलं रेंज गेली. मग बोलला. तो फोटो त्यानं काढलेला नाही. कंपनीच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, जूनच्या पानावर तो धबधबा होता. धबधबा दुसऱ्याच बेटावर आहे. बोटीनं जावं लागतं. मी विचारलं, मग तू बघितलास कधी? म्हणाला, "न्हाई बघितला. सुट्टी असती, नाना. पण एकट्यानं जाऊन काय बघायचं?"
तीन वर्षं.
मी कपिलधारला असल्याचं सांगून टाकलं आणि म्हणालो, जेवत जा वेळेवर. आणखीही काही बोलायचं होतं. इंग्रजी पाठ केलं तसं हेही करायला हवं होतं.

११ सप्टेंबर
बाटली भरली. इथलं पाणी गोडच आहे आणि इथं संतांची समाधी आहे, म्हणजे उलट जास्तच तीर्थ. यात फसवणूक काही नाही.

१३ सप्टेंबर
गावात आलो. इतक्यात कसे, असं दोघातिघांनी विचारलं. अभ्यास दौरा लहानच असतो, असं सांगितलं. संध्याकाळी वत्सलाबाईंनी मावंदं घातलं, काशीहून आल्यावर घालतात तसं. पुरणपोळी, आमटी. सगळ्यांना पळीपळी तीर्थ. सुग्रीवनं घोट घेतला आणि म्हणाला, "पानी जरा वळखीचं लागतंय, नाना." नाथानं मध्येच ओंजळ पुढं केली, प्याला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लई गार हाय. तिकडचंच हाय." मग मला विचारलं, "मेंढरं पडत्यात का तिथली?"
मी म्हणालो, नाही पडत.
म्हणाला, "बरं झालं. घोर लागला हुता."

१५ सप्टेंबर, रविवार
सुग्रीवला फ्लेक्सची जागा वाढदिवसाला हवी होती. माझा उतरवला. नाथानं मागून नेला आणि शेळ्यांच्या छपरावर टाकला. पांढरी बाजू वर, चित्र आत. आता धबधबा शेळ्या बघतात.
फोनच्या वेळेला मीही तिथंच जाऊन बसलो. घरात आवाज घुमतो. फोन आला. पाऊस आहे का, गोळ्या घेता का. मग ठेवतो म्हणाला नाही. म्हणाला, "नाना, कपिलधारचा धबधबा कसा हाय?" मी सांगत गेलो. चौसाळ्याची पोरगी, नारळ, घाट, सगळं. मध्येमध्ये तो हूं म्हणत होता. एकदा म्हणाला, "आवाज कसा येतो?" मला करून दाखवता येईना. शेळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.
एवढ्यात पावसाची सर आली. फ्लेक्स फाटलेला आहे, धबधबा समुद्रात पडतो नेमका तिथं. पाणी आत टपकायला लागलं. फोन छिद्राखाली धरला आणि म्हणालो, ऐक.
फोन भिजला. बंद पडला. त्यानं किती ऐकलं, माहीत नाही.
उद्या दुरुस्तीला टाकीन. छिद्र असू दे.