हिरव्या पृथ्वीची कबुली

प्रिय शिगेनोताई,

हातचा ब्रश खाली ठेवून नमस्कार. निगाताच्या थंडीत गुडघे काय म्हणतात? पर्सिमनची फळं दोरीला बांधून वाळत घातलीस का? (मागच्या वर्षीची मी एकटीनं फस्त केली; शेजारणीला नुसती दोरी दाखवली.)

काल इथल्या वाचनालयात आपण रंगवलेला तो अवकाशातला कार्टून सिनेमा दाखवला. बेचाळीस वर्षं झाली, तरी चंद्रावरच्या शहरात पाऊस सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. एकेक थेंब आपल्या दोघींच्या हातचा! बाकी आनंदच. तीन मिनिटांचा प्राणवायू उरलेला नायक अकरा मिनिटं भाषण ठोकतो. यंत्रमानवाला बेंबी आहे (कोणी काढली ते तुला ठाऊक आहे, गेला बिचारा). मधे मला डुलकी लागली. स्वप्नातही सिनेमाच चालू होता, फक्त तिथे गोष्ट कळत होती. जाग आली तेव्हा यानाच्या खिडकीत पृथ्वी उगवत होती, हिरवीगार, आणि सगळे श्वास रोखून बसले होते. मीसुद्धा.

मग एक समीक्षक उठले. पृथ्वी निळी न दाखवता हिरवी दाखवण्यात केवढं तत्त्वज्ञान आहे, यावर अर्धा तास बोलले. मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! उभी राहिले नि म्हणाले, "अहो, कसलं तत्त्वज्ञान? रंगाच्या चिठ्ठीवर 'आओ' लिहिलं होतं. आपल्या भाषेत निळा समुद्रही आओ आणि सिग्नलचा हिरवा दिवाही आओ! मी हिरवा घेतला. चूक माझी." लोक पोट धरून हसले. मी तोऱ्यात खाली बसले. तेवढ्यात मागच्या रांगेतली बाई वाकून म्हणाली, "आजी, बरं झालं सांगितलंत. जुनी फीत आम्हीच दुरुस्त करतोय. पृथ्वी निळी करून टाकतो."

ताई, माझ्या तोंडाला कुलूप का नाही गं?

तुझी,
हात्सुए

ता. क. रंगांच्या चिठ्ठ्या तूच लिहायचीस. सोबत त्या बाईंचा पत्ता आहे. 'मला हिरवीच हवी होती' एवढी एक ओळ त्यांना लिही. खोटं आहे, तरी लिही. गुरुवारी त्या काम सुरू करणार आहेत.

आणखी एक. ती चिठ्ठी माझ्या खणात आहे. 'आओ'च्या पुढे तू 'समुद्राचा' असं स्वच्छ लिहिलंयस, आणि मी ते तेव्हाच वाचलं होतं. तुझे वडील गेले त्या आठवड्यात काम संपेना म्हणून स्टुडिओनं तुला गावी जाऊ दिलं नाही. तू रोज खिडकीशी उभी राहून म्हणायचीस, "आता आमची खाचरं हिरवी झाली असतील." माझ्या हातात फक्त रंगाची बाटली होती गं.