वाढव

आये, तुला जाऊन दहा वर्षं झाली, आणि आज भर वर्गात माझी जीभ तुझ्यापाशी अडखळली. मुंबईच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो. फळ्यावर दोन चिन्हं लिहिली होती. गणित नवं आहे, मला तरी कुठं धड कळलंय. एक चिन्ह उजेडाचा एक कण निर्माण करतं, दुसरं एक नाहीसा करतं. दिव्यातून कण निघतो तिथं पहिलं, तो कुणाच्या डोळ्यात शिरून संपतो तिथं दुसरं. एकही कण नसलेला अंधार हीसुद्धा एक अवस्थाच. पहिलं चिन्ह लावलं की तिच्यात उजेड येतो. पण अंधारातूनच कण काढायला गेलं तर हाती अंधारही उरत नाही, नुसतं शून्य येतं. मग पहिलं चिन्ह कितीदा लावा, शून्यच. एकानं विचारलं, "सर, यांना मराठीत काय म्हणायचं?" माझ्या तोंडून गेलं, "दोन्हींना वाढव." पोरं हसली. त्यांना काय ठाऊक.

आपल्यात दिवा विझव म्हणत नाहीत, वाढव म्हणतात. त्या संध्याकाळी मुरुडला वारा सुटलेला, बाबांची होडी अजून बाहेर, मी वर खडकावर कंदिलापाशी. तू खाली पाठमोरी सुकत घातलेली मासळी गोळा करतेस आणि ओरडतेस, "कंदील वाढव रं, बाबाला दिसूं दे." कंदील गेला. तू वर आलीस तोवर फार उशीर झाला होता. दोन दिवसांनी दिघीच्या खाडीत होडीच्या फळ्या सापडल्या, बाबा नाहीच. मग बायकांनी तुझ्या बांगड्याही वाढवल्या. सगळे म्हणाले, पोरानं शब्द उलटा घेतला. तू म्हणालीस, "मीच बोलले वाढव. त्याची काय चूक न्हाय." मरेपर्यंत तेच. कंदिलाला पुन्हा हात लावला नाहीस, चुलीच्या उजेडात जेवलो आपण. मला तुझा राग यायचा. एकदा तरी मारायचं होतंस.

हा कागद कुठं धाडायचा, तो पुस्तकातच राहील. आये, शब्द मला बरोबर कळला होता. वात मोठी करायलाच चावी फिरवली, ती उलटी फिरली आणि वात तेलात पडली. काड्यापेटी तुझ्या कमरेला होती. तू ओरडशील म्हणून मी मागायला खाली आलो नाही.