ऊर्जाबचत निवास, लोहारा

३ एप्रिल
आजपासून वीजबचत. खालच्या खोल्या भाड्याने दिल्या त्या लाईट-पाण्यासकट, हीच माझी चूक. फुकट म्हटलं की लोक पंखा बंद करत नाहीत. यूट्यूबवर एक साहेब सांगत होते, घरमालकाने एनर्जी एफिशियन्सीकडे इन्व्हेस्टमेंट म्हणून बघावं. बघितलं.

४ एप्रिल
खाली सगळीकडे झिरोचे बल्ब लावले. भाडेकरू अल्ताफ म्हणतो, काका, सबमीटर बसवा, ज्याचं त्यो भरंल. नको म्हटलं. मग कंट्रोल कुणाकडे राहणार? त्याची बायको झरीन म्हणाली, भाजीत काय पडलंय दिसंना. म्हटलं, चवीवरून कळेल.

१७ एप्रिल
खालच्या लाईनला टायमर. दुपारी बारा ते पाच वीज बंद. झरीन घरी शिवणकाम करते, पण तिचं मशीन पायावर चालतं. अडचण शून्य.
वरचा एसी वेगळा विषय आहे. योजना आखणाऱ्याचं डोकं थंड लागतं.

२२ एप्रिल
आईची खोलीही त्याच लाईनवर आहे, हे आज लक्षात आलं. (जिना चढायला नको म्हणून तिला खाली ठेवलंय. वरच्या तिच्या जुन्या खोलीत माझं ऑफिस.) म्हणाली, रणधिरा, लई उकडाय लागलंय, जीव घाबरा व्हतोय. समजावून सांगितलं, घरच्यांना सवलत दिली तर भाडेकरूंना काय तोंड दाखवू? पदराने वारा घेत खाटेवर आडवी झाली. पटलं असावं.
मीही त्याग केला. एसी अठराचा वीसवर.

३० एप्रिल
बायको आईबद्दल म्हणते, आत्यांना वर आणा. ऑफिसात? फायली कुठे ठेवू?
शिवाय गरज काय? आई दुपारची झरीनकडे जाऊन बसते. ती ओल्या फडक्याने तिचं अंग पुसते, पुठ्ठ्याने वारा घालते. एक युनिटही न जाळता! योजना यशस्वी.

६ मे
दारावर बोर्ड लावला, 'ऊर्जाबचत निवास'. भोवती लुकलुकती माळ. रात्रभर चालू ठेवतो, गावाला कळलं पाहिजे.

११ मे
आई दुपारी चक्कर येऊन पडली. झरीनने वर येऊन दार बडवलं म्हणे. एसीच्या खोलीत आवाज येत नाही, काचा पक्क्या आहेत. अल्ताफने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने. मी म्हटलं, वयाने. टायमर अर्धा तास कमी करावा का, विचार चालू आहे.

१८ मे, दुपारी एक
अल्ताफ खोली सोडून बसस्टँडमागे राहायला चालला. बरं झालं, शिस्तीचे भाडेकरू मिळतील.
वरून टेम्पो बघत होतो. पुढच्या सीटवर आई! मांडीवर गाठोडं. तिची पिशवी चढवून देत होती माझीच बायको. धावत गेलो. म्हटलं, लोक काय म्हणतील? आई म्हणाली, तिथं दुपारचा पंखा असतोय बाबा. माझ्यापायी तुझा नेम मोडू नगंस.
चार दिवसांत येईल परत.

४ जून
बिल आलं. खाली कुणी नाही, तरी बिल वाढलेलं! मीटर सदोष. तक्रार करणार.

५ जून, सकाळी
खाली तपासणीला गेलो. आईच्या खोलीत पंखा फिरत होता. गेली तेव्हा लाईन बंद होती. वीज येईल म्हणून तिने बटन चालूच ठेवलेलं असणार. तेव्हापासून रिकाम्या खाटेला वारा.
बटन बंद करायला हवं. करतो. जरा बसून.

५ जून, दुपारी
बाराला टायमरने पंखा बंद केला. अजून खाटेवरच आहे.
लई उकडतं इथं.