विनापास खुर्ची

ति. मामांस,

साष्टांग नमस्कार. (हल्ली वाकवत नाही, म्हणून लेखीच घालतो आहे.) तुमचा खोकला, मामींचे गुडघे आणि ऑपरेशन झालेला डोळा, सगळे आपापल्या जागी बरे असतील. माझे पाय आहेत, पण बारा-बारा तास उभं राहून ते आता कंपनीचे झाले आहेत.

मी परवानाधारक सुरक्षारक्षक झाल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. परवान्याबरोबर आचारसंहितेची पुस्तिका मिळते. ड्यूटीवर बसू नये, झोपू नये, कुणाकडून काही घेऊ नये, कुणाच्या अंगाला हात लावू नये, आवाज चढवू नये, जागा सोडू नये. (आमच्या हिने वाचून विचारलं, "मग करायचं काय?" मी म्हटलं, "उभं राहायचं.")

तर गेल्या मंगळवारी दुपारी दोन वाजता स्टोअरचे कारकून खुर्ची उचलून फाटकाशी आले. सकाळीच त्यांना कामावरून कमी केलं होतं. खुर्ची त्यांची स्वतःची, पाठीच्या दुखण्यासाठी घरून आणलेली. उशीचा अभ्रा बायकोनं शिवलेला. मला सगळं माहीत. पण गेटपासशिवाय टाचणीही बाहेर सोडायची नाही, आणि मामा, गेटपासवर सही करायचा अधिकार अख्ख्या कंपनीत एकाच माणसाला होता. त्यांनाच!

"आता माझ्या सहीला कोण विचारतंय?" असं म्हणून ते फाटकातच त्या खुर्चीवर बसले. मी वर फोन लावला. नवा माणूस नेमला की पास मिळेल, म्हणाले. कधी नेमणार? जाहिरात दिली आहे.

तीन तास ते बसलेले नि मी उभा. बावीस वर्षांची नोकरी त्यांनी मला रजिस्टरागणिक सांगितली. जांभया दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं मी रडतोय, म्हणून ते आणखीच तपशिलात शिरले. पाच वाजता उठले. "राहू दे. तुमच्या पोटावर कशाला पाय देऊ? तुम्हीच बसा हिच्यावर," म्हणाले, आणि एक हात कमरेवर ठेवून वाकत वाकत बस स्टॉपकडे निघाले.

मला ते बघवेना. खुर्ची डोक्यावर घेतली आणि त्यांच्या मागोमाग गेलो. बसमध्ये चढवून दिली. (कंडक्टरनं खुर्चीचं तिकीट मागितलं, तो वाद वेगळा.) परत येतो तर फाटकात मॅनेजरसाहेब उभे. जागा सोडली, विनापास माल बाहेर काढला, तोही गणवेशात, स्वतःच्या डोक्यावरून! पुस्तिकेप्रमाणे माझ्याविरुद्धचा अहवालही मलाच लिहावा लागला. साहेबांनी तो शुद्धलेखनासाठी दोनदा परत पाठवला.

काल परवाना कार्यालयात सुनावणी झाली. अधिकारी बाईंनी विचारलं, "पश्चात्ताप होतोय का?" खरं सांगायचं तर फक्त मानेला होत होता. तसंच सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण परवाना राहिला, एका अटीवर. अट खाली लिहितो, इथे लिहायला धीर होत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : अट अशी, की प्रतिष्ठित माणसाकडून सद्वर्तनाचा दाखला आणायचा, आणि तो माणूस नातेवाईक नसावा. तुम्ही निवृत्त हेडमास्तर. तुमच्याइतका प्रतिष्ठित माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

आणखी एक : तुम्हाला खोटं लिहावं लागणार नाही. आईच्या माहेरच्या घराची वाटणी झाली तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, "हा माझा कुणी लागत नाही." तेवढं सहीनिशी द्यावं. एकदा ते कागदावर उतरलं, की मीही मनातून काढून टाकीन.