आधी उतरवायचं ते शेवटी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला? माझं बरं आहे, फक्त चार दिवस घास उतरत नाही आणि तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही (घरात शांतता आहे, पण नको तसली).

पोरीच्या कॉलेजचं कळवायचं आहे. आपल्या अख्ख्या खानदानात बारावीची पायरी चढलेली ती पहिली. तूच म्हणालीस, "मामाकडे धाडते, त्याला कागदांतलं कळतं." ताई, मी तीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोदामात उभा राहून गाड्या भरून घेतो आणि चलनावर सह्या करतो. तेवढ्यावर मी जाणकार ठरलो, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड वाटलं.

कॉलेजं बघायला तिला घेऊन चार दिवस हिंडलो. ती प्रयोगशाळा विचारायची, मी गेट बघायचो (गेट अरुंद असलं की मला आतल्या कारभाराची शंका येते, सवयच आहे). तिला टेकडीवरचं कॉलेज आवडलं. तिथल्या प्रयोगशाळेच्या काचेला नाक लावून उभी राहिली ती हलेचना. "मामा, मला इथंच शिकायचंय," म्हणाली. मला आवडलं ते हमरस्त्यावरचं. दहाचाकी गाडी एका दमात वळेल असं गेट! तिथल्या प्रयोगशाळेला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

मग अर्ज. बारा कॉलेजं क्रमानं लिहायची होती. आता गोदामाचा नियम असा, की जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवायचं, म्हणजे दार उघडताच हाताशी येतं. तीस वर्षांत हा नियम कधी खोटा पडला नाही. म्हणून तिच्या आवडीचं टेकडीवरचं आधी हाताशी यावं, असं धरून ते मी बाराव्या नंबरावर ठेवलं आणि हमरस्त्यावरचं अगदी आत, एक नंबरावर. पोरीनं विचारलं, "मामा, आवडीचं आधी लिहायचं ना?" मी म्हणालो, "तू गप्प बस, अशा किती याद्या केल्यात मी." आणि ती गप्प बसली. ताई, बाकी सगळं पचेल, तिचं ते गप्प बसणं पचत नाही. कधी कशाचा हट्ट न करणारी पोर, एकदा विचारलं, आणि मी तिचं तोंड बंद केलं.

अर्ज भरून पोर तुझ्याकडे परतली, आणि मंगळवारी माझ्या फोनवर मेसेज आला (नंबरही मी माझाच दिला होता): अभिनंदन, आपल्याला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आहे. मी अख्ख्या गोदामाला चहा पाजला. मग कॉलेजचं नाव वाचलं. चौकशीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, एवढ्या मार्कांना टेकडीवरचं डोळे झाकून मिळालं असतं. त्या बाई चांगल्या होत्या, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोरीला हे कसं सांगायचं, ते मी तुझ्यावर सोडतो. तू आई आहेस.

तुझा,
शहाणा भाऊ

ता. क. दाजींना एवढ्यात बोलू नकोस. खोकला वाढेल.

ता. क. दुसरा. ताई, तुला वाचता येत नाही. म्हणजे हे पत्र पोरच तुला वाचून दाखवते आहे, आणि हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. तिच्या तोंडावर बोलायची छाती झाली नाही, म्हणून तुझ्याआडून आलो. पोरी, चुकलो मी. वीस तारखेपर्यंत दुसरी फेरी आहे. हातातली जागा सोडावी लागेल, नवी मिळेलच असं नाही. सोडायची की नाही, ते तू ठरव. ठरलं तर ये आणि यादी स्वतःच्या हातानं लिही. मी बाहेर बाकावर बसेन. गप्प.